भूमीची परीक्षा

श्रोतेहो, वास्तुविद्या म्हटलें कीं आज प्रथम दिशांचें भय आठवतें. २००० वर्षांहून जुन्या आश्वलायन गृह्यसूत्राच्या दुसऱ्या अध्यायांत मात्र घराची जागा पारखण्यासाठीं मातीची कसोटी सांगितली आहे. गुडघाभर खड्डा खणावा. निघालेल्या मातीनेंच तो बुजवावा. माती उरली तर जागा उत्तम, पुरली तर मध्यम, अपुरी पडली तर त्याज्य. सूर्यास्तानंतर खड्डा पाण्यानें भरून ठेवावा; सकाळीं पाणी असलें तर उत्तम, नुसती ओल असली तर मध्यम, कोरडा पडला तर त्याज्य. ह्यांतील मर्म उघड आहे. घट्ट भूमीची माती खणल्यावर फुगते. पोकळ भूमीची पुरत नाहीं. आजचा स्थापत्यविशारदहि पायापूर्वीं मातीच तपासतो. दिशेसाठीं चांगली भिंत फोडण्याआधीं आपण पायाखालची भूमि पाहिली, तरच पूर्वजांची विद्या आपणांस कळली.