अखेरची मिनिटे आणि प्रेक्षकांची स्मृती : गोव्याच्या फुटबॉलमधील काही पराभवांचा इतिहास

प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताची कापणी उरकली की खाचरांतून मैदाने निघतात. धसकटे काढली जातात, चुन्याच्या रेषा आखल्या जातात आणि वाड्यापाड्यांचे संघ कबड्डीसाठी उतरतात. शेवटच्या दोन मिनिटांत लोण चढून हातचा सामना गेल्यावर गावकरी काय करतात, हे येथील प्रत्येकाने पाहिलेले असते. पंचावर राग निघतो, चढाई करणाऱ्यावर निघतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात पुढची स्पर्धा लागली की त्याच खेळाडूला खांद्यावर घेण्याची तयारी सुरू होते. गोव्यात, विशेषतः सासष्टीच्या गावांत, कापणीनंतरची अशीच शेते फुटबॉलसाठी वापरली जात आली आहेत. खेळ निराळा असला तरी शेत, गाव आणि संघ यांचे नाते ओळखीचे आहे.

आपल्या परिसराला सर्वांत जवळचा व्यावसायिक फुटबॉल संघ म्हणजे अंधेरीच्या मैदानावर खेळणारा मुंबई सिटी. त्यामुळे २४ एप्रिल २०२४ चा इंडियन सुपर लीगमधील उपांत्य सामना येथील तरुणांना आठवत असेल तर तो विजयाच्या बाजूने. मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे एफसी गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होता. त्यानंतर लालियानझुआला छांगटेने एक, विक्रम प्रताप सिंगने एक आणि पुन्हा छांगटेने एक असे तीन गोल सुमारे सहा मिनिटांत झाले व मुंबईने सामना ३-२ असा जिंकला. प्रस्तुत निबंधात हा सामना हरलेल्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. पराभव पचविण्याची जी सामाजिक सोय गोव्याच्या फुटबॉलमध्ये पूर्वी होती ती २०१४ नंतर कशी बदलली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

अनेक संघांचे राज्य

गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय परंपरेने फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूस दिले जाते. शिवोली येथे १८८३ मध्ये त्यांनी हा खेळ सुरू केला असे मानतात. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५९ मध्ये, राज्य पातळीवरील संघटना उभी राहिली. मुक्तीनंतर खाणमालक आणि उद्योगसमूहांच्या आश्रयाने साळगावकर, डेम्पो यांसारखे संघ मोठे झाले, पुढे चर्चिल ब्रदर्स आला. १९८३-८४ ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने स्वबळावर जिंकली, तेव्हा संघाची मदार ब्रह्मानंद शंखवाळकर या गोलरक्षकावर होती. गोलरक्षकाला नायक मानणारा हा प्रदेश आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे लागेल.

या व्यवस्थेचे महत्त्व पदकांच्या यादीपेक्षा तिच्या रचनेत आहे. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत राष्ट्रीय आय-लीगचे विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेले नाही. डेम्पोने ते तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा मिळविले. याचा अर्थ असा की साळगावकरच्या समर्थकाचा दुःखाचा दिवस हा बहुधा त्याच्याच शेजाऱ्याचा आनंदाचा दिवस असे. पराभव राज्यातच राही. चिडवणे, पैज, पुढच्या लढतीची वाट पाहणे, यांतून तो हातोहात फिरे आणि झिजे. तालुका व गावपातळीवरील स्पर्धांनी या झिजण्याला आणखी जागा दिली होती.

कोल्हापूरशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पेठा हेही अशाच घरगुती वैराचे उदाहरण होय. हे वैर नेहमीच गोड राहते असे नाही, शाहू स्टेडियमबाहेरची भांडणे सर्वज्ञात आहेत. परंतु तेथेही हरलेला संघ आणि जिंकलेला संघ एकाच शहरात झोपतात.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा नवा संघ निर्माण झाला. त्याचे मानचिन्ह गवा, म्हणजे राज्याचा प्राणी. घोषणा पोर्तुगीज वळणाची, ‘फोर्सा गोवा’. डेम्पो व साळगावकर घराण्यांतील मंडळी त्याच्या मालकीत एकत्र आली होती. दोनच वर्षांत, २०१६ मध्ये, डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. संपूर्ण राज्याला एक संघ मिळाला, ही अभिमानाची गोष्ट होती. मात्र त्याचबरोबर त्या संघाचा पराभव हा संपूर्ण राज्याचा पराभव झाला. तो शेजाऱ्याकडे सोपवावा असा शेजारी उरला नाही.

२० डिसेंबर २०१५

या बदलाची पहिली कठोर परीक्षा फातोर्डा येथेच, २०१५ च्या अंतिम सामन्यात झाली. प्रतिस्पर्धी चेन्नईयिन एफसी. गोव्याचे प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. चौपन्नाव्या मिनिटाला पेलिस्सारीने चेन्नईला आघाडी दिली, चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ ने पुढे गेला. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू अडविण्याच्या धडपडीत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीकडूनच तो गोलरेषेपार गेला. त्याची नोंद स्वयंगोल अशी झाली. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा गोल केला आणि करंडक चेन्नईकडे गेला.

लोकस्मृतीत हा सामना ‘जिंकलेला करंडक हातातून गेला’ असा नोंदला गेला आहे. वस्तुतः गोवा त्या संपूर्ण सामन्यात आघाडीवर होता तो केवळ सुमारे तीन मिनिटे. बराच काळ बरोबरी होती, काही मिनिटे चेन्नई पुढे होती. तथापि स्मृती घड्याळाच्या हिशेबाने चालत नाही. शेवटचे दृश्य आधीच्या सर्व दृश्यांवर आपला रंग चढवते, आणि ज्या सामन्यात दोन्ही संघ तुल्यबळ होते तो सामना ‘आपण जिंकलो होतो’ या वाक्यात बसवला जातो. क्रीडेच्या इतिहासकाराने गुणफलकाबरोबर मिनिटांचाही तक्ता समोर ठेवावा, तो यासाठी.

सामन्यानंतरचा भाग शोभादायक नव्हता. मैदानावर वाद झाला, चेन्नईच्या एका खेळाडूला पोलिसांनी ताब्यात घेतले व नंतर त्याची सुटका झाली. गोव्याच्या संघाने पारितोषिक समारंभावर बहिष्कार घातला. २०१६ मध्ये स्पर्धेच्या नियामक आयोगाने क्लबला ११ कोटी रुपयांचा दंड आणि १५ गुणांची कपात अशी शिक्षा सुनावली. अपिलात गुणकपात रद्द झाली आणि दंड कमी झाला. पूर्वी ज्याचा निकाल गावच्या नाक्यावर लागला असता तो पराभव आता आयोग, अपील आणि रुपये या भाषेत बोलू लागला. प्रेक्षकांच्या वाट्याला मात्र यातले काहीच नव्हते. त्यांच्यापाशी उरला तो एक चेहरा, गोलरक्षकाचा.

बार्बोसा आणि कट्टीमणी

येथे रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानाची आठवण अपरिहार्य ठरते. १६ जुलै १९५० रोजी विश्वचषक जिंकण्यासाठी ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. फ्रियासाच्या गोलने ब्राझील पुढेही गेला. सहासष्टाव्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी केली आणि एकोणऐंशीव्या मिनिटाला घिजियाने निर्णायक गोल केला. पुढे ब्राझीलने आपला पांढरा गणवेश टाकून पिवळा स्वीकारला. पण देशाने रंग बदलला तरी गोलरक्षक मोआसिर बार्बोसाचा दोष बदलला नाही. २००० मध्ये त्याचे निधन झाले, तोपर्यंत अर्धे शतक तो त्या एका गोलचा आरोपी राहिला. झिको स्वतः १९८२ च्या ब्राझील संघात होते. इटलीकडून ३-२ असा पराभव होऊन बाहेर पडलेल्या त्या संघाला लोकांनी प्रेमाने आठवले. एकाच समाजाने एका पराभवाला अपराध ठरवावे आणि दुसऱ्याला शोकांतिका, हे पराभवाच्या गुणफलकावरून उलगडत नाही. कोणावर बोट ठेवता येते, यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. गोलरक्षकावर बोट ठेवणे सर्वांत सोपे. आघाडीच्या खेळाडूची चूक ही हुकलेली संधी असते, गोलरक्षकाची चूक गुणफलकावर लिहिली जाते.

कट्टीमणी हा गोव्याचाच खेळाडू, डेम्पोकडून खेळलेला. बार्बोसाचे दैव त्याच्या वाट्याला पूर्णतः आले नाही, याला कारण सहा वर्षांनंतरची एक संध्याकाळ. २० मार्च २०२२ रोजी त्याच फातोर्डा मैदानावर लीगचा अंतिम सामना झाला. महासाथीमुळे दोन हंगामांचे सामने गोव्यात प्रेक्षकांविना खेळवले गेले होते. अंतिम सामन्याला दारे उघडली तेव्हा स्टँड मुख्यतः केरळ ब्लास्टर्सच्या पिवळ्या पाठीराख्यांनी भरले. हैदराबादच्या गोलमध्ये कट्टीमणी उभा होता. राहुल केपीच्या गोलने केरळ पुढे गेला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधली ती साहिल ताव्होरा या आणखी एका गोवेकराने. पेनल्टी किकांच्या निर्णायक फेरीत कट्टीमणीने तीन किका अडविल्या आणि हैदराबाद ३-१ ने जिंकला.

हा प्रसंग ‘पापक्षालन’ म्हणून सांगण्याची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. २०१५ मध्ये पाप घडले होते असे आधी गृहीत धरल्याशिवाय क्षालन संभवत नाही. अनुभवी गोलरक्षकाने एके दिवशी चूक केली आणि दुसऱ्या दिवशी उत्तम खेळ केला, इतकेच नोंदींतून दिसते. शिवाय त्या दिवशी आनंदित झालेले शहर हैदराबाद होते. गोव्याच्या प्रेक्षकाला आपल्या माणसाचे यश परक्या गणवेशात पाहावे लागले. जुन्या व्यवस्थेत हाच खेळाडू साळगावकरहून डेम्पोकडे गेला असता, तर हिशेब घरातच मिटला असता.

एक माळ, निरनिराळे मणी

गोव्याचे समर्थक आपल्या पराभवांची माळ ओढतात तेव्हा त्यात १७ मार्च २०१९ चा मणी येतोच. अंधेरीच्या मैदानावरील त्या अंतिम सामन्यात दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या गोव्यावर बंगळुरूच्या राहुल भेकेने ११७ व्या मिनिटाला हेडरने गोल केला. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे निधन झाल्याचे वृत्त आले होते. एका मैदानी पराभवाचे दुःख किती लहान असते, याचे माप राज्याला त्या रात्री वेगळ्याच मार्गाने मिळाले. २०२१ च्या उपांत्य फेरीत मुंबई सिटीकडून पेनल्टी किकांवर झालेला ६-५ असा पराभव रिकाम्या स्टँडसमोर झाला. ओरडायला कोणी नव्हते, म्हणून की काय, तो तितका बोलला जात नाही.

या पार्श्वभूमीवर २४ एप्रिल २०२४ कडे परत यावे. गोव्याचे प्रशिक्षक तेव्हा मानोलो मार्केझ होते, म्हणजे २०२२ मध्ये हैदराबादला विजेतेपद मिळवून देणारेच. या वेळी कोणा एका गोलरक्षकावर बोट ठेवता येईल असा स्वयंगोल नव्हता. तीन गोल, दोन वेगळे खेळाडू, सबंध बचावफळी. अपराधी सापडला नाही तेव्हा ‘हे आपल्या नशिबातच आहे’ ही भाषा आली. नशीब हा शब्द येथे एक काम करतो. तो खेळाडूला वाचवतो, पण चूक शोधण्याचे कामही थांबवतो. दोन गोलांच्या आघाडीनंतर संघ किती मागे सरकला, बदली खेळाडू केव्हा आले, हे प्रश्न नशिबाच्या आड जातात. २९ एप्रिलला मुंबईत गोवा आणखी २-० ने हरला. ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने नमवून मुंबईने करंडक घेतला.

पुढल्या वर्षी, ६ एप्रिल २०२५ रोजी, फातोर्डाला पुन्हा उपांत्य सामना होता. बंगळुरूकडे पहिल्या लढतीतली २-० ची आघाडी होती. हेरेरा आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला सादिकू यांच्या गोलांनी गोव्याने ती फेडली. भरपाई वेळेत सुनील छेत्रीने हेडर मारला आणि एकूण हिशेबात गोवा ३-२ ने बाहेर पडला. हा सामना २०२४ च्या शेजारी ठेवला जातो, पण दोहोंत मोठे अंतर आहे. येथे आघाडी गमावलेली नव्हती. मागे पडलेला संघ बरोबरीपर्यंत आला होता आणि आणखी अर्धा तास मिळण्याच्या बेतात होता. त्यानंतर महिन्याच्या आतच, ३ मे रोजी, याच संघाने भुवनेश्वर येथे जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप जिंकला. त्या तीन गोलांपैकी एकही अखेरच्या मिनिटासाठी राखून ठेवावा लागला नाही. फातोर्डापासून दूर झालेल्या या विजयाला पराभवांच्या माळेत अर्थातच जागा नाही.