प्रस्तावना : एक गाणं, दोन गळे

जॅझ-गायनाचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं विचारणाऱ्याला बहुतेक जण एला फिट्झजेराल्ड किंवा बिली हॉलिडेकडे पाठवतात. मी लिंडा रॉनस्टॅटचा ‘व्हॉट्स न्यू’ (१९८३) हा अल्बम हाती देते. सत्तरच्या दशकात रॉक आणि कंट्री गाऊन अमेरिकेत घरोघरी पोचलेल्या या गायिकेने ऐन भरात काही दशकांपूर्वीची गाणी गायला घेतली आणि वाद्यवृंदाच्या रचनेसाठी नेल्सन रिडल यांना गाठलं. अल्बम बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. एकट्या अमेरिकेत तीस लाखांवर प्रती खपल्या.

यात उत्स्फूर्त विस्तार जवळजवळ नाही, म्हणून जाणकारांपैकी काही जण याला जॅझ मानायला तयार नसतात. आक्षेप खरा आहे. तरीही हा अल्बम मला अभ्यासाला हवाच.

कारण शीर्षकगीतातच आहे. आठ-आठ मात्राखंडांचे चार भाग. तिसऱ्या भागात पहिल्याच भागाची चाल मध्यमाला षड्ज मानून वर चढते. जुना प्रियकर अचानक भेटलाय आणि ती त्याला सहज विचारावं तसं खुशाली विचारतेय, एवढाच प्रसंग. हेच गाणं फ्रँक सिनात्राने १९५८ च्या ‘ओन्ली द लोनली’मध्ये गायलंय आणि तिथेही संयोजक रिडलच. दोन्ही लागोपाठ ऐका. सिनात्रा शब्द बोलल्यासारखे टाकतो, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, ओळ मध्येच सोडतो. मनातलं लपवण्याची धडपड त्या रेंगाळण्यात ऐकू येते. रॉनस्टॅट स्वर भरून, लांबवून, ओळ अखंड ठेवून गाते. तिचा आवाज अतिशय सुंदर आहे, पण वरच्या भागात तो शब्दांवर मात करतो आणि लपवायचं दुःख उघडं पडतं. ‘लयीशी खेळणं’ हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्यांचा नेमका अर्थ मला या दोन ध्वनिमुद्रणांतल्या फरकातून कळला.

रॉनस्टॅट तिथे थांबली नाही. ‘लश लाइफ’ १९८४ मध्ये आला. ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ १९८६ मध्ये, तोवर रिडल गेले होते. हे तिन्ही अल्बम क्रमाने ऐकावेत आणि मग पुन्हा एलाकडे वळावं. या शास्त्रात नव्याने येणाऱ्याला स्वरलिपी वाचता आलीच पाहिजे असं नाही. पायाने ठेका धरून गायिका त्याच्या पुढे आहे की मागे, एवढं कानाला कळू लागलं की पहिलं प्रकरण उघडायला हरकत नाही.