लाव्हाच्या बेटावर मुक्काम

बालाघाटहून नैनपूरच्या गाडीत बसा. भरवेलीची मँगनीजची खाण मागं पडते, लामता जातं, आणि नैनपूरहून मंडल्याकडे वळलात की काळा बेसॉल्ट दिसू लागतो. तिथं उतरा आणि 6 कोटी 60 लाख वर्षं मागं चला.

तुम्ही आता बेटावर आहात. आख्खा भारतच बेट आहे. मादागास्करपासून सुटलेला, आशियाला अजून न टेकलेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आज लोक ग्रीसमधल्या सँटोरिनीला जातात, ज्वालामुखीच्या कड्यावरची खोली कितीतरी आधी राखून ठेवतात. तिथला तो मोठा स्फोट सुमारे 3600 वर्षांपूर्वीचा, भयंकरच. पण तुमच्यासमोर जे चाललंय त्यापुढं तो किरकोळ.

इथं शंकूच्या आकाराचा डोंगर शोधू नका. जमीन लांबच लांब भेगांनी फाटलीय आणि लाव्हा पाकासारखा पसरतोय. वरचं कवच काळं पडतं, आत धग वाहतीच राहते. गंधकानं घसा धरतो. रात्र काढायची कुठं?

जागा आहे. एक थर निवल्यावर पुढचा यायला कधीकधी हजारो वर्षं जातात. तेवढ्यात दगड झिजून लाल माती होते, खळग्यात पाणी साठतं, काठाला ताडाच्या जातीची झाडं उभी राहतात. तिथंच पथारी टाका. पाण्यात हात घाला, फायसा नावाची गोगलगाय लागेल. तिचा शंख टोक वर करून धरा: तोंड डाव्या हाताला येतं, बहुतेक शंखांचं उजव्या हाताला असतं. पश्चिमेला छिंदवाड्याच्या मोहगाव कलानला मुक्काम केलात तर पाणी चाखून बघा, खारट लागेल. तिथं निपा पामची फळं सापडलीत, आणि हा पाम आज सुंदरबनच्या खाजणात वाढतो. मध्य प्रदेशात समुद्राचं पाणी! मला या साऱ्या प्रवासात याचंच सर्वांत नवल वाटतं.

मग पुढचा लाव्हा येतो. तळं गाडलं जातं, गाळात सिलिका झिरपते, शंख आणि खोडं गारगोटीसारखी कठीण होतात.

परतताना 1850 च्या दशकात नागपूरला थांबा. टाकळीला स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी असेच दगड फोडून शंख, फळं, बिया गोळा करतायत. 1855 मध्ये त्यांचा आणि रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

विदर्भातली कितीतरी कुटुंबं कान्ह्याला वाघ बघायला जातात, बालाघाटच्या बाजूनं मुक्की गेटपाशी राहतात. त्यांनी एक दिवस जास्तीचा काढावा आणि डिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा गाठावं. 1983 पासून ते जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान आहे. तळ्याकाठच्या त्या झाडांची खोडं तिथं दगड होऊन उघड्यावर पडलीत. मुलांना दाखवा, तुकडा मात्र उचलू देऊ नका.