गॉल्फच्या काठ्या

गॉल्फ या मैदानी खेळात चेंडू टोलविण्यासाठी वापरावयाची साधने. इंग्रजीत त्यांना ‘क्लब’ म्हणतात आणि भारतीय खेळाडूंतही हाच शब्द रूढ आहे. प्रत्येक काठीचे मूठ, दांडा व डोके असे तीन भाग असतात. डोक्याच्या ज्या बाजूने चेंडू टोलवितात, तिला मुख म्हणतात. हे मुख उभ्या रेषेपासून मागे किती कललेले आहे, यावर चेंडूची उंची व पल्ला बव्हंशी अवलंबून असतो. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा कल सु. ९° ते १२°, वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्याच्या सँड वेजचा सु. ५४° ते ५६°, तर हिरवळीवरून चेंडू खळग्याकडे ढकलणाऱ्या पटरचा केवळ ३° ते ४° असतो. क्रिकेट, हॉकी, टेनिस इ. खेळांत खेळाडू एकाच साधनाने सर्व प्रकारचे फटके मारतो. गॉल्फमध्ये मात्र प्रत्येक टोल्यापूर्वी साधनाची निवड करावी लागते. त्यामुळे खेळातील यश कौशल्यावर किती व साधनावर किती अवलंबून असावे, हा प्रश्न या खेळात प्रारंभापासूनच उपस्थित झालेला दिसतो. पोटापाण्यासाठी न खेळणाऱ्या, सरावास थोडाच वेळ मिळणाऱ्या हौशी खेळाडूच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे.

प्रारंभीचा काळ : गॉल्फची वाढ स्कॉटलंडमध्ये झाली. तेथील संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल व गॉल्फ या दोन्ही खेळांना बंदी केली. कारण त्यांच्या नादाने लोक धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष करीत. १४७१ व १४९१ मध्ये ही बंदी पुन्हा जाहीर करावी लागली, यावरून ती फारशी पाळली गेली नसावी असे दिसते. पुढे चौथ्या जेम्स राजाने १५०२ मध्ये पर्थ येथील एका धनुष्ये बनविणाऱ्या कारागिराकडून काठ्या विकत घेतल्याची नोंद राजकोशाच्या हिशेबात आढळते. लाकडाची लवचिकता व ताण यांचे ज्ञान असलेला हा कारागीरवर्गच काठ्यांचा पहिला निर्माता ठरला. १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने विल्यम मेन याची राजघराण्याचा धनुष्ये, बाण व गॉल्फच्या काठ्या बनविणारा म्हणून नेमणूक केली.

अठराव्या शतकात खेळाला संघटित रूप आले. लीथ येथील खेळाडूंनी १७४४ मध्ये तेरा नियम लिहून काढले. सेंट अँड्रूज येथील मंडळ १७५४ मध्ये स्थापन झाले व त्यास १८३४ मध्ये ‘रॉयल अँड एन्शंट’ हा किताब मिळाला. या काळातील काठ्यांची डोकी लांबट व निमुळती असून ती हॉथॉर्न, सफरचंद, नासपती अशा चिवट लाकडांची करीत. दांडे अ‍ॅश वा हेझल या झाडांचे असत. दांडा व डोके तिरकस कापून एकमेकांस सरसाने जोडीत आणि जोडावर राळ लावलेला दोरा आवळून गुंडाळीत. डोक्याच्या पाठीमागे वजनासाठी शिसे ओतीत व तळाला झीज होऊ नये म्हणून मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत. सेंट अँड्रूजचा ह्यू फिल्प हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या कलेचा सर्वांत नामांकित कारागीर होय.

चेंडूतील क्रांती : काठ्यांच्या स्वरूपात जे बदल झाले, त्यांमागे अनेकदा चेंडूतील बदल कारणीभूत होते. जुना चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून तयार करीत. कुशल कारागिरालाही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू करता येत. ते महाग असत आणि पावसात भिजून फाटत. त्यामुळे दर्जेदार साधनांनिशी खेळणे श्रीमंतांनाच परवडे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू प्रचारात आला. गटापर्चा हा मोहाच्या कुळातील मलायी वृक्षांचा चीक असून तो गरम पाण्यात मऊ होतो व थंड झाल्यावर कठीण बनतो. हा चेंडू स्वस्त, टिकाऊ व पुन्हा वितळवून घडविता येण्याजोगा होता. त्याने पिसांचे चेंडू बनविणाऱ्यांच्या उपजीविकेवरच घाला घातला. सेंट अँड्रूजचा अग्रगण्य खेळाडू व चेंडूकार अ‍ॅलन रॉबर्टसन याने त्यास कडाडून विरोध केला. याच कारणावरून त्याचा व त्याचा सहायक टॉम मॉरिस याचा बेबनाव झाला आणि मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविक येथे गेला. पुढे रॉबर्टसननेही नवा चेंडू स्वीकारला. दुसरीकडे सामान्य कारागीर, दुकानदार व कारकून यांना या चेंडूमुळे खेळात प्रवेश मिळाला. हौशी खेळाडूंचा मोठा वर्ग निर्माण होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

कठीण गटापर्चाच्या आघाताने जुनी नाजूक डोकी फुटू लागली. म्हणून डोकी आखूड व जाड झाली, त्यांसाठी तुलनेने मऊ बीच लाकूड वापरात आले आणि लोखंडी डोक्याच्या काठ्यांचा उपयोग वाढला. दांड्यांसाठी अमेरिकेतील हिकरी हे लाकूड सर्वमान्य झाले. शतकाच्या अखेरीस डोक्यांसाठी पर्सिमन हे टेंभुर्णीच्या प्रजातीतील अमेरिकन लाकूड रूढ झाले. याच सुमारास कोबर्न हॅस्केल याने रबरी धागा गुंडाळून केलेला अधिक उसळी घेणारा चेंडू तयार केला. सँडी हर्ड याने १९०२ ची ओपन स्पर्धा त्यावरच जिंकली.

साधन आणि नियम : खेळाची साधने सुधारू लागताच त्यांवर मर्यादा घालण्याचा प्रश्न निर्माण झाला. वॉल्टर ट्रॅव्हिस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अमेरिकन हौशी खेळाडूचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. त्याने १८९६ मध्ये, म्हणजे पस्तिशीच्या उंबरठ्यावर, प्रथमच काठी हाती घेतली. शरीरयष्टीने तो किरकोळ होता व त्याचे टोलेही लांब नव्हते. तथापि पद्धतशीर सराव व अचूक पटिंग यांच्या बळावर तो चार वर्षांत अमेरिकन हौशी अजिंक्यपदापर्यंत पोहोचला. १९०४ मध्ये त्याने सँडविच येथे ब्रिटिश हौशी स्पर्धाही जिंकली. त्या वेळी त्याच्याजवळ स्केनेक्टडी नावाचा, डोक्याच्या मध्याजवळ दांडा बसविलेला पटर होता. १९१० मध्ये सेंट अँड्रूजच्या संस्थेने अशा पटरवर बंदी घातली. अमेरिकन संघटनेने मात्र ती मानली नाही. १९५१ मध्ये दोन्ही संस्थांनी समान नियम ठरविले, तेव्हा ही बंदी उठली.

पोलादी दांड्याच्या बाबतीतही असाच मतभेद झाला. अमेरिकेने १९२४ मध्ये व ब्रिटनने १९२९ मध्ये त्यास मान्यता दिली. हिकरीचा प्रत्येक दांडा वेगळा असे व टोल्याच्या वेळी तो पिळवटे. म्हणून खेळाडूला आपल्या प्रत्येक काठीचा स्वभाव ओळखावा लागे. बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने १९३० मध्ये ब्रिटन व अमेरिका येथील चारही प्रमुख अजिंक्यपदे हिकरीच्या काठ्यांनीच जिंकली. पोलादामुळे एकसारख्या काठ्यांचे संच कारखान्यात बनू लागले. ब्रॅसी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक ही जुनी नावे मागे पडून क्रमांक आले. १९३२ मध्ये जीन सॅराझेन याने निब्लिकच्या तळाला शिसाचा थर चढवून आधुनिक सँड वेज सिद्ध केली.

क्रमांकांच्या काठ्या सहज मिळू लागल्यावर खेळाडू वीस-पंचवीस वा त्याहून अधिक काठ्या बाळगू लागले. ज्याला अधिक काठ्या विकत घेता येतील व त्या वाहून नेण्यास माणूस ठेवता येईल, त्याचा लाभ होऊ लागला. शिवाय एकाच काठीने निरनिराळे टोले मारण्याचे कसबही मागे पडेल, अशी भीती व्यक्त झाली. म्हणून अमेरिकेत १९३८ व ब्रिटनमध्ये १९३९ पासून एका फेरीसाठी जास्तीत जास्त चौदा काठ्यांची मर्यादा घालण्यात आली. ती अद्यापि कायम आहे.

चुका सावरणाऱ्या काठ्या : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुधारणा प्रामुख्याने सामान्य खेळाडूच्या गरजेतून झाल्या. कार्स्टन सोल्हाइम हा अमेरिकन अभियंता चाळिशी उलटल्यावर गॉल्फ खेळू लागला. पटिंग जमेना म्हणून १९५९ मध्ये त्याने डोक्याचे वजन दोन्ही टोकांकडे विभागलेला पटर तयार केला व पुढे हेच तत्त्व लोखंडी काठ्यांना लावले. वजन कडेला गेल्याने मध्यभागी न लागलेल्या टोल्यातही डोके कमी फिरते आणि चेंडूची दिशा व पल्ला फारसे बिघडत नाहीत. १९७० च्या सुमारास कार्बनतंतूंचे हलके दांडे आले. १९७९ मध्ये गॅरी अ‍ॅडम्स याने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा मोठ्या डोक्याचा ‘बिग बर्था’ आला व त्यानंतर टिटॅनियमचा वापर सुरू झाला. डोक्यांचे आकारमान वाढतच गेल्याने नियामक संस्थांनी २००४ पासून ४६० घ. सेंमी. ही कमाल मर्यादा ठरविली.

हौशी खेळाडूची निवड : काठ्या निवडताना प्रसिद्ध खेळाडूच्या संचाचे अनुकरण करणे योग्य ठरत नाही. व्यावसायिकाच्या काठ्या त्याच्या वेगवान झोकास अनुरूप असतात. झोक मंद असल्यास दांडा लवचिक व हलका असावा. ताठ दांड्याने चेंडू पुरेसा उंच जात नाही. दांड्याची लांबी ठरविताना केवळ उंची न पाहता मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतरही मोजावे. दांडा व जमीन यांतील कोन शरीरास अनुरूप नसेल, तर दिशा चुकते, उदा., उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत हा कोन प्रमाणाबाहेर उभा असल्यास चेंडू डावीकडे जातो. मूठ फार जाड वा फार बारीक असल्यासही मनगटाच्या हालचालीत बिघाड होतो.

काठीवरील क्रमांक हे निश्चित माप नव्हे. पूर्वी सातव्या क्रमांकाच्या काठीचा कल ३६° ते ३८° असे. आजच्या अनेक संचांत तो ३०° च्या आसपास आहे. नवी काठी चेंडू दूर नेते, तेव्हा त्याचे श्रेय बहुधा कमी केलेल्या कलास व वाढविलेल्या लांबीस असते. म्हणून क्रमांकांऐवजी कलांची तुलना करावी आणि लगतच्या दोन काठ्यांच्या पल्ल्यांत साधारण १० ते १२ मी. अंतर राहील असे पाहावे. चौदा ही कमाल मर्यादा असून तेवढ्या काठ्या बाळगण्याचे बंधन नाही. नवशिक्यास एक लाकडी प्रकारची काठी, एक हायब्रिड, तीन-चार लोखंडी काठ्या, एक सँड वेज व एक पटर एवढा संच पुरतो. तो वापरलेला असला तरी चालतो.

खेळातील सुधारणा : काठी धरण्याची आज सर्वाधिक प्रचलित पद्धत, म्हणजे एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवणे, ही सहा वेळा ओपन जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डन याच्या नावाने ओळखली जाते, वस्तुतः जॉनी लेडले हा स्कॉटिश हौशी खेळाडू तिचा वापर त्याच्या आधीपासून करीत असे. अ‍ॅलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय अभ्यासातून चेंडू व काठी यांचा स्पर्श सु. अर्धा सहस्रांश सेकंदच टिकतो, हे स्पष्ट झाले. इतक्या अवधीत टोला दुरुस्त करणे मानवी प्रतिक्रियेच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून पवित्रा, पकड व मुखाची दिशा यांवर आधीच लक्ष देणे हिताचे ठरते. चेंडूची प्रारंभीची दिशा मुख्यतः मुखाच्या दिशेवर अवलंबून असते, हे पुढे रडारच्या साहाय्याने केलेल्या मोजणीतूनही सिद्ध झाले.

हिरवळीजवळचा खेळ सुधारला की धावसंख्येप्रमाणे टोल्यांची संख्याही आपोआप सुधारते, असा पारंपरिक समज आहे. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांनी असंख्य टोल्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यास छेद दिला. चांगला व सामान्य खेळाडू यांच्यातील फरकापैकी सु. दोन-तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडील टोल्यांमुळे पडतो, असे त्यांना आढळले. तथापि आखूड टोल्यांचा सराव कमी जागेत, कमी श्रमात व उतारवयातही करता येत असल्याने त्याचे महत्त्व टिकून आहे.

प्रगती मोजण्याचे साधन म्हणजे हँडिकॅप. दुबळ्या खेळाडूस ठराविक टोल्यांची सूट देऊन त्यास सरसाबरोबर खेळविण्याची ही व्यवस्था होय. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील महिलांच्या संघटनेने इसेट पिअर्सन यांच्या पुढाकाराने देशव्यापी एकसूत्री हँडिकॅप प्रथम अमलात आणला. पुरुषांच्या संघटना त्या मागाहून आल्या. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत अलीकडील २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात व कमाल सूट ५४ असते.

भारतातील स्थिती : कलकत्ता येथे १८२९ मध्ये स्थापन झालेला क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गॉल्फ क्लब मानला जातो. मुंबईतील क्लब १८४२ मध्ये निघाला. अखिल भारतीय हौशी स्पर्धा १८९२ पासून सुरू झाली. प्रेम गोपाळ तथा बिल्लू सेठी यांनी १९६५ मध्ये हौशी खेळाडू असूनही इंडियन ओपन जिंकली. क्लबांचे सदस्यत्व व परदेशी काठ्या या दोन्ही गोष्टी बहुसंख्यांस परवडण्याजोग्या नसल्या, तरी सदस्यांच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडींमधून खेळाडूंची एक समांतर परंपरा निर्माण झाली. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर हे १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. मुंबईत चेंबूर येथील मैदानावरील कॅडींनी जवळच्या वस्तीच्या गल्ल्यांतून हा खेळ नेला. बांधकामाची लोखंडी सळई टोकाशी वाकवून व मुठीला रबरी नळी चढवून ते काठी तयार करतात आणि प्लॅस्टिकचा चेंडू वापरतात. या सळईला क्रमांक नसतो. कल कमी-अधिक करण्याचे काम मनगटालाच करावे लागते.