वीज गेल्यावर काय उरतं?

जेमफाइव्ह या सिम्युलेटरमध्ये मी पहिल्यांदा एनव्हीएम, म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी मेमरी जोडली, तेव्हा काम पाचदहा ओळींत आटोपलं. तयार मॉडेल होतंच: वाचायला १५० नॅनोसेकंद, लिहायला ५००. प्रोग्रॅम चालवला, मध्येच बंद केला, पुन्हा सुरू केला. आधी लिहिलेलं काहीच नव्हतं!

अर्धा दिवस मी कॉन्फिगरेशनमधली चूक शोधत बसले. चूक माझ्या समजुतीत होती. हे मॉडेल मेमरीला लागणारा वेळ मोजतं. प्रत्यक्ष बाइट्स माझ्याच लॅपटॉपच्या रॅममध्ये राहतात आणि सिम्युलेटर बंद झाला की जातात.

गंमत म्हणजे न विसरणारी मेमरी ही नवी गोष्टच नाही. १९५३मध्ये एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात कोअर मेमरी बसली. तारांच्या जाळीत ओवलेली फेराइटची बारीक कडी, प्रत्येक कड्यात एक बिट. चुंबकत्वाची दिशा म्हणजे शून्य किंवा एक, आणि ती टिकवायला वीज लागत नाही. फक्त वाचलं की बिट पुसला जायचा, म्हणून वाचून झाल्यावर तो परत लिहावा लागे. लिनक्सवर प्रोग्रॅम कोसळल्यावर दिसणारा 'कोअर डम्प' हा शब्द तिथलाच.

१९७०मध्ये इंटेलची ११०३ ही डीरॅम चिप आली. तिच्यातला बिट म्हणजे गळका विद्युतभार. सतत भरत राहावं लागतं, वीज गेली की संपलं. पण ती स्वस्त होती. पुढच्या काही वर्षांत कोअर मागे पडली आणि विसरणं हाच मेमरीचा स्वभाव ठरला.

२०१५मध्ये इंटेल आणि मायक्रॉनने थ्रीडी एक्सपॉइंट जाहीर केलं. २०१९मध्ये ते ऑप्टेन नावाने सर्व्हरच्या रॅमच्या खाचेत बसलं. तिथेही मेख होतीच: प्रोसेसरच्या कॅशमधून मेमरीपर्यंत न पोचलेला डेटा वीज जाताच हरवायचा. तो वेळेवर, योग्य क्रमाने खाली ढकलणं प्रोग्रॅमरच्या गळ्यात. माझ्या मते ऑप्टेनचं खरं ओझं किमतीइतकंच हेही होतं. २०२१मध्ये मायक्रॉन बाहेर पडली, २०२२मध्ये इंटेलनेही ऑप्टेनचा गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं. जेमफाइव्हमधलं मॉडेल मात्र राहिलं.

शेवटी मी चेकपॉइंट घेतला. माझी 'न विसरणारी' मेमरी आता एसएसडीवर एका फाइलमध्ये आहे.