कंसांतील नांव

ज्ञानकोश वाचकाच्या हातीं पडतो तेव्हां त्यांतील सर्व भांडणें मिटलेलीं असतात. निदान तशीं तीं दिसतात. छापील पानावर प्रत्येक वाक्य सारख्याच ठामपणें उभें असतें. त्यांपैकीं कोणतें निर्विवाद म्हणून आलें, कोणतें दोन पंडितांच्या तडजोडींतून निघालें, आणि कोणतें मुद्रणाची घाई होती म्हणून संपादकानें तसेंच जाऊं दिलें, हें कळण्यास वाचकास मार्ग नसतो. म्हणून ज्ञानकोशांचा इतिहास लिहावयाचा तर खंडांची संख्या व प्रकाशनाचीं सालें देऊन भागत नाहीं. त्या मिटलेल्या भांडणांचा माग काढावा लागतो. हें काम बहुधा फार कठीण जातें, कारण भांडणाचे कागद कोणी जपून ठेवीत नाहीं.

फ्रान्समधील सुप्रसिद्ध 'आंसिक्लोपेदी'चें उदाहरण या बाबतींत उद्बोधक आहे. दिदरो व दालांबेर यांच्या संपादकत्वाखालीं तिचा पहिला खंड १७५१ सालीं निघाला. १७५७ सालच्या सातव्या खंडांत दालांबेरनें जिनीव्हा शहरावर लेख लिहिला, त्यांत तेथील धर्मोपदेशकांच्या श्रद्धेविषयीं कांहीं विधानें केलीं, आणि त्या शहरांत नाट्यगृह असावें अशी शिफारसही केली. धर्मोपदेशक खवळले, रूसोनें १७५८ सालीं दालांबेरला उद्देशून नाटकांविरुद्ध एक प्रदीर्घ पत्रच प्रसिद्ध केलें, दालांबेर संपादकत्वांतून बाहेर पडला, आणि १७५९ सालीं सरकारनें ग्रंथाचा परवाना रद्द केला. हा वाद चव्हाट्यावर झाला म्हणून आपणांस ठाऊक आहे. याहून गंभीर प्रकार गुपचूप घडला. पुढील दहा खंड छापीत असतां मुद्रक लब्रतों यानें, सरकारच्या धाकानें, दिदरोनें तपासून दिलेल्या मुद्रितांतील धोक्याचे परिच्छेद परस्पर गाळून टाकले. १७६४ सालीं दिदरोस हें समजलें तेव्हां वेळ निघून गेली होती. १७६५ सालीं ते खंड बाहेर पडले आणि वाचकांनीं ते दिदरोचे म्हणून वाचले. गाळलेल्या मजकुराचीं कांहीं मुद्रितें सुदैवानें बांधून राहिलीं होतीं; तीं अभ्यासून १९४७ सालीं विद्वानांनीं मूळ पाठ प्रसिद्ध केला. म्हणजे ज्ञानकोशांतून काय वगळलें गेलें हें कळावयास सुमारें एकशें ऐंशी वर्षें लागलीं.

आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला, आणि 'माझें बारा वर्षांचें काम' या १९२७ सालच्या पुस्तकांत ज्ञानकोश मंडळाचा इतिहासही स्वतःच सांगितला. संपादकानें आपल्या कार्यशाळेचें दार वाचकासाठीं असें उघडावें, ही गोष्ट विरळा होय. तथापि तो इतिहास संपादकाच्या लेखणींतून उतरलेला आहे. कार्यशाळेंत जे वादविवाद रोज घडले असतील, त्यांची दोन्ही बाजूंची नोंद कोणत्याही एका पुस्तकांत मावणें शक्य नाहीं.

अशी नोंद ठेवणारा ज्ञानकोश एकविसाव्या शतकाच्या आरंभीं निर्माण झाला. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९९५ सालीं, कोणाही वाचकास जागच्या जागीं दुरुस्त करतां येतील अशा पानांची एक योजना काढली व 'जलद' या अर्थाच्या हवाई बेटांतील शब्दावरून तिला 'विकी' हें नांव दिलें. पुढें जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं २००० सालीं 'न्यूपीडिया' नांवाचा कोश सुरू केला. त्यांतील लेख तज्ज्ञांकडून अनेक पायऱ्यांनीं तपासून घ्यावयाचे होते. परंतु या चाळणींतून पहिल्या वर्षांत मोजकेच लेख बाहेर पडले. तेव्हां कनिंगहॅमच्या युक्तीचा अवलंब करून १५ जानेवारी २००१ रोजीं 'विकिपीडिया' सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं झाला.

या कोशांत कोणीही लिहावें व कोणीही खोडावें, ही गोष्ट सर्वांस माहीत आहे, आणि तिची थट्टाही पुष्कळ झाली आहे. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीनें महत्त्वाच्या अशा त्याच्या दोन सोयींकडे त्या मानानें लक्ष गेलेलें नाहीं. प्रत्येक लेखामागें 'इतिहास' नांवाचें एक पान असतें. त्यांत लेखाचें प्रत्येक जुनें रूप, तें कोणीं व केव्हां बदललें या नोंदीसह, थोडे अपवाद सोडल्यास, जसेंच्या तसें राहतें. आणि प्रत्येक लेखाच्या बाजूस एक 'चर्चापान' असतें. तेथें बदल करणाऱ्यांनीं आपलें कारण सांगावें व दुसऱ्यानें त्याचें खंडन करावें. लब्रतोंनें केलेला प्रकार येथें एका रात्रींत उघडकीस आला असता.

हीं चर्चापानें वाचावयास बसलें म्हणजे प्रथम मन विटतें. क्षुल्लक शब्दावरून शेंकडों उत्तरें-प्रत्युत्तरें झालेलीं दिसतात, आणि त्यांतील भाषा सर्वत्र सभ्य असते असेंही नाहीं. तरी चिकाटीनें वाचीत गेल्यास त्या क्षुल्लक शब्दाच्या पोटांत केवढा इतिहास दडला आहे हें ध्यानांत येतें. याचा उत्तम दाखला म्हणजे बाल्टिक समुद्रावरील एका बंदराच्या नांवाचा वाद. पोलिश लोक त्यास ग्दान्स्क म्हणतात, जर्मन लोक डॅन्झिग.

या शहराचा उल्लेख इ. स. ९९७ च्या सुमारच्या घटनांच्या वृत्तांतांत प्रथम आढळतो. १३०८ सालीं ट्यूटॉनिक सरदारांच्या संघानें तें घेतलें. १४५४ सालीं नागरिकांनीं त्या संघाविरुद्ध उठून पोलंडच्या राजाचा आश्रय केला, आणि १४६६ च्या तहानें तें पोलिश राजमुकुटाखालीं कायम झालें; मात्र बहुसंख्य नागरिक जर्मन भाषाच बोलत व आपले विशेष हक्क प्राणापलीकडे जपत. १७९३ सालीं पोलंडच्या दुसऱ्या विभागणींत तें प्रशियाकडे गेलें. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं तें 'मुक्त नगर' झालें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं तेथील वेस्टरप्लाटे या ठाण्यावर जर्मन युद्धनौकेनें तोफा डागल्या व दुसऱ्या महायुद्धास तोंड लागलें. १९४५ नंतर तें पोलंडकडे आलें. जर्मन रहिवासी पळाले किंवा घालवून दिले गेले, आणि त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबें राहावयास आलीं. ज्यांनीं घरें सोडलीं त्यांस आणि ज्यांनीं घरें वसविलीं त्यांस त्या नांवाचा उच्चार निर्विकार मनानें करतां येणें अशक्य होतें.

इंग्रजी विकिपीडियावर या दोन्ही देशांतील स्वयंसेवक एकत्र आले. भाषा तिसरीच, त्यामुळें कोणासही 'आमच्या भाषेंत आम्ही असें म्हणतों' हें उत्तर पुरेसें नव्हतें. एकानें 'ग्दान्स्क' लिहावें, दुसऱ्यानें तें खोडून 'डॅन्झिग' करावें, तिसऱ्यानें तें पुन्हां फिरवावें, असा खेळ अनेक लेखांत चालला. अशा प्रकारास तेथें 'संपादनयुद्ध' म्हणतात. एका पानावर चोवीस तासांत तीनांहून अधिक वेळां दुसऱ्याचें लेखन उलटवूं नये असा नियम त्या कोशानें २००४ सालीं केला. त्यानें हात आवरले. परंतु प्रश्न सुटला नाहीं.

अखेर २००५ सालच्या आरंभीं या नांवावर मतदान घेण्यांत आलें. वाचक येथें थबकेल, आणि तें योग्यच आहे. सत्य काय आहे हें हात वर करून कसें ठरावें? मतमोजणी ही चर्चेची जागा घेऊं शकत नाहीं, असा त्या संपादकमंडळींचाही सामान्य दंडक आहे. परंतु मत कशावर घेतलें हें पाहिलें पाहिजे. शहर कोणाचें, हा प्रश्न त्यांनीं विचारलाच नाहीं. कोणत्या कालखंडाविषयीं लिहितांना कोणतें नांव वापरावें, एवढाच प्रश्न कालखंडवार पुढें ठेवला. १३०८ पूर्वीं ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डॅन्झिग, आणि १९४५ नंतर पुन्हां ग्दान्स्क, असा कौल पडला. त्यास एक पुरवणी जोडण्यांत आली: ज्या स्थळांस जर्मनी व पोलंड यांचा समाईक इतिहास आहे, त्यांचा लेखांत प्रथम उल्लेख येईल तेव्हां दुसरें नांव कंसांत द्यावें. चरित्रांविषयींही असेंच ठरलें. व्यक्ति स्पष्टपणें जर्मन असेल तर डॅन्झिग पुढें व ग्दान्स्क कंसांत, स्पष्टपणें पोलिश असेल तर याच्या उलट. या ठरावाच्या पालनार्थ केलेली दुरुस्ती तीन वेळांच्या नियमांत धरूं नये, असेंही ठरलें.

हा तोडगा निर्दोष नव्हे. 'स्पष्टपणें' या एका शब्दांत सर्व अडचण जशीच्या तशी शिल्लक आहे. योहानेस हेवेलियस हा ज्योतिषी १६११ सालीं या शहरांत जन्मला. तो जर्मन बोलणारा, पंथानें लूथरानुयायी, आणि प्रजा पोलंडच्या राजाची. आकाशांतील एका तारकासमूहास त्यानें पोलंडच्या सोबियेस्की राजाच्या ढालीचें नांव दिलें. त्यास कोणत्या रकान्यांत बसवावें? शोपेनहौअर हा १७८८ सालीं तेथेंच जन्मला. त्याच्या जर्मन तत्त्वज्ञ असण्याविषयीं शंका नाहीं. परंतु १७९३ सालीं शहर प्रशियाच्या हातीं जातांच त्याच्या बापानें, त्या राज्यांत राहणें नको म्हणून, बिऱ्हाड हॅम्बुर्गास हलविलें. विसाव्या शतकाच्या राष्ट्रवादाचे रकाने सतराव्या-अठराव्या शतकांतील माणसांस बेताचेच बसतात. चर्चापानांवरील भांडणामुळें हीच गोष्ट सामान्य वाचकास शिकावयास मिळते, हा त्या भांडणाचा मोठाच लाभ होय.

आणि त्या कंसाचें मोल मोठें आहे. हरलेल्या पक्षाचें नांव पानावरून नाहींसें झालें नाहीं. तें पहिल्याच ओळींत, जिंकलेल्या नांवाच्या शेजारीं राहिलें. जिंकणारा दुसऱ्याच्या स्मृतीस पुसून टाकतो, हा युद्धाचा रिवाज. येथें तिला जागा ठेवावी लागली.

वाद हा ज्ञानास अपायकारक आहे अशी समजूत सार्वत्रिक आहे. विकिपीडियाचा अनुभव याच्या उलट दिसतो. २००५ सालींच जॉन सिगेन्थॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखांत, केनेडी बंधूंच्या हत्यांशीं त्याचा संबंध असल्याचा संशय होता असें धादांत असत्य कोणीं तरी घुसडून दिलें. तें सुमारें चार महिने तसेंच राहिलें. तेथें कोणी भांडत नव्हतें. कारण तेथें कोणी पाहतच नव्हतें. गजबजलेल्या पानावर अशी थाप बहुधा फार काळ टिकली नसती.

याहून भयंकर उदाहरण क्रोएशियन भाषेंतील विकिपीडियाचें आहे. तेथें समविचारी संपादकांच्या एका लहान गटानें व्यवस्थापनाचे अधिकार हातीं घेतले आणि विरोध करणाऱ्यांस एकामागून एक बाहेर काढलें. नंतर तेथें शांतता नांदली! त्या शांततेंत, दुसऱ्या महायुद्धांत उस्ताशा राजवटीनें चालविलेल्या यासेनोवात्स येथील संहारछावणीचें स्वरूप सौम्य करून सांगितलें जाऊं लागलें. २०१३ सालीं क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यानेंच विद्यार्थ्यांस या कोशापासून सावध राहण्याचा इशारा दिला, आणि विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेनें करविलेल्या चौकशीचा अहवाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. लेखाचा इतिहास कितीही जपून ठेवला तरी प्रतिवादी उरला नाहीं, तर तो इतिहास वाचणार कोण?

हा प्रश्न आपल्याही दारीं येऊन ठेपला आहे. २०२५ सालच्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखांतील कांहीं मजकूर महाराष्ट्रांत अत्यंत आक्षेपार्ह वाटला. राज्याच्या सायबर पोलिसांनीं तो काढून टाकण्यासाठीं विकिपीडियाच्या चालकांस नोटीस दिली, व पुढें कांहीं संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदविला. दुखावलेल्या भावनेची खिल्ली उडविणें प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. संभाजी महाराजांवर जुन्या लेखकांनीं अन्याय केला, ही तक्रार निराधारही नाहीं. मल्हार रामराव चिटणीस याची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळानें लिहिली गेली, आणि ज्या घराण्यांतील बाळाजी आवजीस महाराजांनीं देहदंड दिला होता त्याच घराण्यांतला हा बखरकार. त्याच्या वर्णनावर पुढें नाटकें व कादंबऱ्या पोसल्या गेल्या.

परंतु तें चित्र बदललें कसें? वा. सी. बेंद्रे यांनीं वर्षानुवर्षें देशोदेशींचे अस्सल कागद धुंडाळून १९६० सालीं महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यापाठोपाठ कमल गोखले यांचा ग्रंथ आला. त्यांनीं बखरीवर बंदी मागितली नाहीं. बखर समोर ठेवली, तिच्या शेजारीं समकालीन पत्र ठेवलें, आणि वाचकास तोलावयास सांगितलें. बखर आजही छापील उपलब्ध आहे, आणि आज ती कोणी पूर्वीच्या विश्वासानें वाचीत नाहीं. नोटिशीनें एक वाक्य जाईल. पण तें खोटें कां होतें, हें त्यामुळें कोणास कळणार नाहीं.

आपल्या इतिहासाविषयीं जगांतील सर्वांत अधिक वाचल्या जाणाऱ्या कोशांत जें चुकीचें लिहिलें असेल, तें दुरुस्त करण्याचें दार रात्रंदिवस उघडें आहे, आणि बेंद्र्यांच्या ग्रंथाचें पान तेथें पुरावा म्हणून पुढें करतां येतें. तें काम कंटाळवाणें आहे. अनोळखी, हटवादी, क्वचित् उर्मट माणसाशीं महिनेंमहिने वाद घालावा लागतो, आणि शेवटीं आपलें म्हणणें कंसांतच जागा मिळवील असाही संभव असतो. तरी ग्दान्स्कच्या आणि डॅन्झिगच्या लोकांनीं तें पत्करलें. आणि त्यांच्यामध्यें तर एक महायुद्ध उभें होतें.