थिबा राजवाडा : रत्नागिरीतील नजरकैदेची वास्तू

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभी असलेली तीन मजली लाल इमारत थिबा राजवाडा म्हणून प्रसिद्ध असली, तरी तेथे कधी दरबार भरला नाही की तेथून कोणाचे राज्य चालले नाही. ब्रिटिश सरकारने आपल्या कैदेतील ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) थिबा राजाच्या निवासासाठी ती बांधवून घेतली, आणि तिचा इतिहास याच अंगाने वाचला पाहिजे.

ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत मुंबईच्या व्यापाराचे मोठे हितसंबंध गुंतले होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा अधिक लाकूड नेल्याचा ठपका ठेवून १८८५ मध्ये राजधानी मंडालेतील राजाच्या मंत्रिपरिषदेने तिला जबर दंड केला, तेव्हा त्याचेच निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वीच थिबा राजाला पदच्युत करून जहाजावर चढवले. मद्रासमार्गे १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणण्यात आले. रेल्वे नसलेले आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होणारे हे बंदर राजाला त्याच्या प्रजेपासून तोडण्यासाठी सोयीचे होते. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडणाऱ्या सत्तेला ही रीत नवी नव्हती.

सुमारे चोवीस वर्षे सरकारी देखरेखीखाली बंगल्यांत काढल्यानंतर १९१० मध्ये राजा, राणी सुपायालत आणि त्यांच्या मुली या नव्या वास्तूत राहायला आल्या. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या आणि प्रशस्त दालने यांमुळे ती वैभवशाली दिसते. परंतु वसाहतकालीन सरकारी बांधकामाची शिस्त आणि कोकणच्या मुसळधार पावसाचे भान या दोन्हींचा मेळ तिच्यात आहे, आणि खरे मोल त्या मेळातच आहे. कोकणात घरबांधणीसाठी वापरला जाणारा जांभा, म्हणजे खाणीतून काढताना मऊ असणारा व हवा लागली की टणक होणारा लोहयुक्त तांबडा दगड, ज्या गवंड्यांच्या आणि सुतारांच्या हातांना परिचित होता, त्यांचे कौशल्य अशा वास्तूंच्या वर्णनात क्वचितच नोंदले जाते. राजाची शोकांतिका सांगताना बांधणाऱ्यांचा विसर पडणे हा स्थानिक वारशावरील अन्यायच होय.

राजाला हे घर जेमतेम सहा वर्षे लाभले. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच निवर्तला आणि १९१९ मध्ये राणीला मायदेशी परतण्याची मुभा मिळाली. थोरली राजकन्या मात्र एका स्थानिक मराठी माणसाशी जुळलेल्या नात्यामुळे पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिचा वंश तेथेच मराठी बोलत वाढला. पुढे वास्तूचा वापर सरकारी कामांसाठी होत राहिला. आज तेथे पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. शहरातील थिबाच्या समाधीला डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी भेट दिली. राजवाडा पाहून परतणाऱ्या अनेकांच्या वाटेत ही समाधी येत नाही. वास्तविक या दोन्ही जागा एकत्र जतन केल्या, तरच हा इतिहास पूर्ण वाचता येईल.